मावशींचा हात

काही होऊ न देण्याचा पगार घेणारी माणसं जगात पुष्कळ असतात, कचेऱ्याच्या कचेऱ्या भरल्या आहेत त्यांनी. पण मावशींना नेमलंच त्या कामावर होतं, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं सबंध संस्थेत कोणी नव्हतं.

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डावीकडे, बिनखिडकीची एक खोली होती. दाराशी चपला काढून निळ्या सपाता घालायच्या, हातांना स्पिरिट चोळायचं, मग आत. आत पुढून काच लावलेलं एक मोठं टेबल, त्यातून गाळलेली हवा दिवसभर घूं करत वाहायची. एक मायक्रोस्कोप. उशी फाटलेलं एक स्टूल. भिंतीला लागून दोन इन्क्युबेटर, आणि त्यांच्या उबेत तळहातावर मावतील अशा प्लास्टिकच्या बशा. बशा म्हटलं की तिथे लोक हसायचे, त्यांना प्लेटच म्हणायचं. त्या प्लेटांमध्ये गुलाबी पाण्याखाली मूळपेशी राहायच्या.

मूळपेशी म्हणजे काय, तर भ्रूण जेमतेम चार-पाच दिवसांचं असतं तेव्हाच्या पेशी. त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. पुढे त्यांच्यातलीच कोणी हृदयाची होते, कोणी कातडीची, कोणी मेंदूची. बाहेर काढून प्लेटमध्ये नीट सांभाळल्या, तर वर्षानुवर्षं तशाच राहतात, न ठरलेल्या. नीट सांभाळल्या तर हं. रोज खुराक, म्हणजे तेच गुलाबी पाणी, बदलावा लागतो, रविवार नाही, सुट्टी नाही, आजारपण नाही. जरा इकडेतिकडे झालं, की बाई वर्गाबाहेर गेल्यावर मुलं करतात तसं, ज्याला जे सुचेल ते. पेशींचा एखादा पुंजका पसरट होतो, त्याची रेखीव कड विस्कटते, आणि तो आपला आपण काहीतरी व्हायला निघतो. मावशींच्या भाषेत तो पुंजका ‘सुटला’. आणि एक सुटला की शेजारचेही सुटतात.

म्हणून मावशी सकाळी सातला यायच्या. बाकीची मंडळी दहाला डोळे चोळत उगवायची. त्या तीन तासांत मावशी एकेक प्लेट मायक्रोस्कोपखाली घ्यायच्या, सुटलेला पुंजका दिसला की बारीक नळीनं अलगद ओढून घ्यायच्या आणि टाकून द्यायच्या. धान्यातले खडे काढतात तसं, म्हणून त्याला त्या ‘निवडणं’ म्हणायच्या. मग जुना खुराक काढायचा, नवा घालायचा, प्लेट परत उबेत. दहा वाजता येणाऱ्याला प्लेट दिसायची ती धुतल्या तांदळासारखी.

हे निवडणं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत कामाच्या पायऱ्या लिहिलेली एक जाडजूड फाईल होती. तीत खुराक कितीचा, ऊब किती, हात कसे धुवायचे, सगळं होतं. निवडणं नव्हतं. मावशींनी ते सुरुवातीच्या काळात आपल्या अकलेनं सुरू केलं आणि कोणाला सांगायचं राहिलं. मग एकदा दुसऱ्या प्रयोगशाळेतला कोणी पाहुणा आला, प्लेट बघून थक्क झाला, आणि सर म्हणाले, “आमच्या मावशींचा हातच तसा आहे.” सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, कोट चांगले घालायचे आणि बोलायचे त्याहून चांगलं. झालं, तेव्हापासून तो हात प्रसिद्ध झाला. आता अशा वेळी कोण सांगेल की हाताबिताचं काही नाही, मी रोज सकाळी कचरा काढते? झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशींनी मूठ झाकून ठेवली.

आणि का ठेवू नये? त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली ही बाई. पुढे शिकायचं होतं, प्रवेशही मिळाला होता. त्याच महिन्यात वडील गेले. धाकटा भाऊ शाळेत होता. आई म्हणाली, “दोन वर्षं नोकरी कर, तो मार्गी लागला की तू शीक.” भाऊ मार्गी लागला, इतका लागला की थेट दूरच्या शहरात जाऊन बसला. त्या दोन वर्षांची सव्वीस झाली. तीसुद्धा हंगामी, म्हणजे दर वर्षी सरांनी शेरा मारायचा आणि दर वर्षी मावशींनी जीव मुठीत धरायचा. भाऊ वर्षातून एकदा फोन करायचा आणि ‘ताई’ म्हणायचा, पण त्याला कुठल्या कागदावर सही हवी असली म्हणजे. त्यामुळे ‘ताई’ ऐकलं की मावशी आधी पेन शोधायच्या.

‘मावशी’ हे नाव संस्थेनं दिलं. लादी पुसणाऱ्या बाईला मावशी म्हणायचे, डबे धुणारीला मावशी म्हणायचे, तसंच एका विद्यार्थ्यानं ह्यांना म्हटलं. पहिल्यांदा मावशींना ते इतकं लागलं की त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कोणाला काही म्हटलं नाही, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. आपणही इथे तेच म्हणतोय, तेव्हा आपण तरी कुठले शहाणे.

मग ती मुलगी आली. डॉक्टरेट करायला. तुरुतुरु चालायची आणि प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारायची. आठवड्याभरात तिचं नाव पडलं ‘प्रश्नपत्रिका’. पहिल्याच दिवशी तिनं मावशींना विचारलं, “तुमचं शिक्षण काय?” सव्वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मावशींनी सांगितलं. मुलगी म्हणाली, “मग हे लोक तुम्हाला मावशी का म्हणतात? मी ताई म्हणेन.” आणि म्हणू लागली. तिला कुठे सही नको होती. मावशींना ते इतकं आवडलं की त्यांना स्वतःचाच राग आला, एवढ्या शब्दासाठी आपण इतक्या भुकेल्या होतो म्हणून.

मुलीला त्यांनी सगळं शिकवलं. नळी कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा, पुंजके फोडताना किती फोडायचे. निवडणं तेवढं नाही शिकवलं. मुलगी रोज दुपारी यायची. सकाळी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कॉलेजात शिकवायची, शिष्यवृत्तीत भागत नव्हतं. तेव्हा सकाळचे तीन तास मावशींचे आणि मावशींचेच होते.

एका दुपारी दोघी आळीपाळीनं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या. “ताई, पेशीच्या मधोमध हे काळपट ठिपके दिसतात ना,” मुलगी म्हणाली, “तो कारखाना आहे. तिथे रायबोसोम तयार होतात. रायबोसोम म्हणजे यंत्रं, त्यांच्यावर पेशीतली सगळी प्रथिनं घडतात.”

“म्हणजे यंत्रं बनवण्याचा कारखाना,” मावशी म्हणाल्या.

“हां. आणि मूळपेशींचे ठिपके बघा केवढे मोठे. ज्यांना अजून काहीच व्हायचं नाही, त्यांना एवढी यंत्रं कशाला लागतात?”

“ते मला नाही माहीत. पण सुटायच्या आदल्या दिवशी ठिपके बारीक होतात.”

मुलीनं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. “हे कुठे वाचलंत?”

“वाचायचं काय त्यात? दिसतं.”

“पुंजका सुटतो म्हणून ठिपके बारीक होतात, का ठिपके बारीक होतात म्हणून तो सुटतो?”

मावशींना हसू आलं. वीस-पंचवीस वर्षं त्या ते ठिपके बघत होत्या, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नव्हता. मुलगी मात्र स्टुलावरून उठून येरझाऱ्या घालू लागली. सगळे समजतात, ती म्हणाली, रायबोसोम कमी झाले की पेशी अशक्त होणार, मरणार, संपलं. पण कारखाना मंदावणं हीच जर पेशीला खूण असेल, की बाई, आता ठरव, तर? मग मधेच थांबून तिनं विचारलं, “आपल्याकडे सुटतात का असे पुंजके? मला तर कधी दिसत नाहीत.”

आता बघा, सांगायची वेळ ही होती. “एखाददुसरा,” मावशी म्हणाल्या.

सरांनी प्रश्न ऐकून नाक मुरडलं, पण परवानगी दिली. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, तेवढ्यात उत्तर आलं तर डॉक्टरेट, नाही तर राम राम. मुलीनं बेत नेटका आखला. एक औषध होतं, अगदी थेंबभर घातलं तर पेशी मारत नाही, फक्त रायबोसोमचा कारखाना मंद करतं. निम्म्या प्लेटांत ते औषध घालायचं, निम्म्यांत नुसतं पाणी. कुठल्या प्लेटमध्ये काय, ते प्लेटवर लिहायचं नाही, नुसते आकडे घालायचे. यादी तिच्या फाईलच्या शेवटच्या पानावर बंद. बघणाऱ्याच्या मनात काही असलं तर ते डोळ्यांत उतरू नये म्हणून ही खबरदारी. सोमवारी दुपारी औषध, मधले दिवस मावशींचा खुराक, शुक्रवारी रंग घालून मोजणी.

“ताई, मधले दिवस नेहमीसारखं सांभाळा,” मुलगी म्हणाली.

मावशींनी नेहमीसारखं सांभाळलं.

पहिल्याच आठवड्यात बुधवारी सकाळी मावशींना घाम फुटला. चार नंबरच्या प्लेटमध्ये चौदा पुंजके सुटलेले. सातमध्ये अकरा. नऊमध्ये एक. बारामध्ये पुन्हा सोळा. असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. तुम्ही म्हणाल, एवढी हुशार बाई, औषध घातलंय हे माहीत असलेली, तिला कळू नये? कळायला आधी शंका यावी लागते, आणि मावशींची सगळी शंका स्वतःवरच खर्च झाली होती. चष्म्याचा नंबर त्याच वर्षी वाढला होता. खुराकाची नवी बाटली नुकतीच फोडली होती. आणि सर महिनाभर जेवणाच्या टेबलावर एका यंत्राचं कौतुक करत होते, जे म्हणे आपलं आपण प्लेटांना खुराक घालतं. “माणसाच्या हातावर किती दिवस विसंबायचं?” हे ते मावशींच्या देखत म्हणाले होते. शेऱ्याची तारीख दोन महिन्यांवर होती. मावशींच्या डोक्यात एकच आलं. हात गेला आपला. दहाच्या आत हे निस्तरायला हवं.

त्यांनी चौदाच्या चौदा काढले. अकरा काढले, सोळा काढले. गुरुवारी पुन्हा तसंच, शुक्रवारी तसंच. सातचे साडेसहा केले. रडत नव्हत्या, पण नाक ओढत होत्या, तोंडावरचा मास्क ओला व्हायचा. त्यांची एक सवय होती, जुन्या डायरीत प्लेटचा आकडा लिहून पुढे ‘नि.’ लिहायचं आणि किती निवडले ते मांडायचं. महिन्याअखेर आकडा मागच्यापेक्षा खाली आला की त्या स्वतःवर खूश व्हायच्या, तेवढीच चैन. आता ते आकडे लिहिताना लाज वाटायची, तरी लिहिले. सवय ती सवय. डायरी एप्रनच्या खिशात, एप्रन कुलपात.

शुक्रवारी मुलीनं रंग घालून मोजलं. काही प्लेटांत पुंजके कमी होते, मधे मधे रिकाम्या जागा होत्या. उरलेले सगळे जसेच्या तसे, रेखीव कडेचे, न ठरलेले. यादी उघडून पाहिलं तर कमी पुंजके औषधाच्या प्लेटांत. “म्हणजे काही पेशी औषधानं मेल्या, बाकीच्या मूळपेशीच राहिल्या,” ती म्हणाली. चेहरा उतरला होता. “सर म्हणत होते तसंच. अशक्त होऊन मेल्या, बाकी काही नाही.” मग मावशींकडे बघून हसली. “तुमच्या प्लेट मात्र काय सुंदर राहतात, ताई.”

मावशींना त्या वेळी काय वाटलं म्हणाल, तर सुटल्यासारखं वाटलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, बाई.

मुलीनं औषध कमी केलं, जास्त केलं, दिवस वाढवले, खुराकाची बाटली बदलली. पाच वेळा केलं, साठ प्लेट झाल्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे पीठ कोणाच्या पोटातही गेलं नाही, रोज सकाळी कचऱ्याच्या डब्यात गेलं. तिसऱ्या वर्षाअखेर तिघांची समिती बसली. परिणाम दिसत नाही, काम थांबवावं, असं ठरलं. एक सवलत ठेवली. वर्षाच्या आत काही नवा पुरावा हाती आला तर पुन्हा अर्ज करता येईल, त्यानंतर नाही.

निघताना मुलगी बिनखिडकीच्या खोलीत आली. स्टुलावर घालायला नवी उशी आणली होती तिनं मावशींसाठी. “माझा प्रश्नच चुकीचा होता, ताई.”

“असं म्हणू नये. उत्तर ‘नाही’ आलं, एवढंच.”

“तुमच्या प्लेटनी ‘नाही’ म्हटलं म्हणजे नाहीच. दुसऱ्या कोणाच्या प्लेट असत्या ना, तर मी शंका घेतली असती.”

पुढे ती रक्त तपासणाऱ्या एका केंद्रात लागली. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि पेटीत लावायच्या.

दोन महिन्यांनी सरांनी मुलीचं कपाट रिकामं करायला सांगितलं. फाईल मावशींच्या हाती आली. रविवार होता, खुराक नऊलाच आटोपला होता, इमारतीत चिटपाखरू नव्हतं. मावशींनी सहज शेवटचं पान उघडलं. आकडे आणि पुढे औषध, पाणी, औषध. त्यांना आपली डायरी आठवली. कुलूप काढलं, डायरी आणली, आणि बोट ठेवून दोन्ही पानं जुळवायला लागल्या. चार नंबर औषध, निवडले चौदा. सात औषध, अकरा. नऊ पाणी, एक. बारा औषध, सोळा. पहिलं पान संपेपर्यंत त्यांना खरं तर बरंच वाटत होतं, कारण आपला हात गेला नव्हता, डोळेही ठीक होते. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

पेशी मेल्या नव्हत्या. कारखाना मंदावला तशा त्या ठरायला निघाल्या होत्या, मुलगी म्हणत होती अगदी तसंच. आणि रोज सकाळी साडेसहा वाजता मावशींनी ते उत्तर नळीनं ओढून फेकून दिलं होतं. ठिपक्यांची गोष्ट सुचवली त्यांनी. पुसली त्यांनीच. साठाच्या साठ प्लेट त्यांनी जुळवल्या, एकही चुकली नाही. मग मायक्रोस्कोपवर कापड घातलं आणि दुपारपर्यंत त्या नव्या उशीवर बसून राहिल्या.

सोमवारी त्या सरांकडे गेल्या. फाईल आणि डायरी टेबलावर ठेवून सगळं सांगितलं, मूठ अगदी उघडून सांगितलं. सर हुशार होते, दोन मिनिटांत समजले. खुर्चीत मागे रेलले.

“मावशी, बसा. हे बाहेर काढायचं म्हणजे काय, कळतंय का? आपल्या प्रयोगशाळेत फाईलबाहेरचं काम चालतं, असं लिहून द्यावं लागेल. मागची सगळी कामं लोक उकरतील. तुम्ही हात लावलेली.”

“तिला वर्षाची मुदत आहे, सर. दहा महिने राहिलेत अजून.”

“ती रुळली असेल एव्हाना. आणि तुम्हाला कायम करण्याचा कागद मी गेल्याच आठवड्यात वर पाठवलाय. एकोणतीस वर्षांनी.” त्यांनी डायरी उचलून मावशींच्या हातात दिली, अगदी मायेनं. “हात दाखवून अवलक्षण कशाला?”

मावशी उठल्या. वाईट माणूस म्हणून सरांना शिव्या घालणं सोपं आहे, पण सरांनी त्यांचं तोंड काही शिवलं नव्हतं. मुलीचा फोन नंबर मावशींकडे होता. त्यांनी तो दर महिन्याच्या एक तारखेला काढून बघितला आणि ठेवून दिला. नऊ महिने राहिले, सात राहिले. पाच राहिले तेव्हा कायमचा कागद आला. गुच्छ दिला, फोटो काढला, फोटोखाली ‘आपल्या मावशी’ असं छापलं. आता नोकरी जाण्याची भीती नव्हती, आता तरी सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे आधी पाच महिने का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं. दोन राहिले. मग मुदतही गेली, आणि मावशींना त्या दिवशी झोप लागली, हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. निवडणं मात्र त्यांनी कामाच्या पायऱ्यांच्या फाईलमध्ये लिहायला लावलं, बाराव्या पायरीला. सरांनी सही केली.

पुढे चार महिन्यांनी, सोमवारच्या बैठकीत सरांनी पडद्यावर एक लेख दाखवला. कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेचा. रायबोसोमचा कारखाना थोडा मंद केला की भ्रूणातल्या मूळपेशी न ठरलेल्या राहत नाहीत, वेगवेगळ्या पेशी व्हायला लागतात. चित्रात तेच पसरट पुंजके, त्याच विस्कटलेल्या कडा. “आपल्याही डोक्यात होतं हे,” सर म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे गेले. मावशी मागच्या खुर्चीत बसून होत्या.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. “ताई, बघितलंत? माझा प्रश्न बरोबर होता.” आवाजात आनंद होता, पण क्षणभरच. “म्हणजे मीच कुठेतरी चुकले. येता-जाता तेच चालू असतं डोक्यात. औषध शिळं होतं का, मोजताना गडबड झाली का. माझ्या हाताला गुणच नाही, असंच असेल. तुम्ही तर रोज होतात तिथे. तुम्हाला काही आठवतं?”

“रविवारी येऊ का तुझ्या घरी?” मावशींनी विचारलं.

“या ना. विचारता काय?”

रविवारी पहाटेच खुराक उरकून मावशी निघाल्या. तिसरा मजला, अरुंद जिना, दारात धुतलेल्या चपलांची जोडी वाळत टाकलेली. मुलीच्या आईनं दार उघडलं. “या, या. ही रोज तुमचं नाव काढते. ताईंनी असं शिकवलं, ताईंनी तसं शिकवलं.” खुर्चीवरची चादर नवी होती, घडीच्या खुणा दिसत होत्या. आई चहा टाकायला आत गेली. मुलगी समोर बसली. बोटांना चिठ्ठ्यांचा डिंक लागून कडा काळ्या पडल्या होत्या.

मावशींनी डायरी आणि यादीचं पान तिच्या पुढ्यात ठेवलं.

“हे ‘नि.’ म्हणजे काय?” मुलीनं लगेच विचारलं. प्रश्नपत्रिकाच ती.

“निवडलेले. सुटलेले पुंजके मी रोज काढून टाकायचे. तुम्ही सगळे यायच्या आधी.”

“माझ्या प्लेटांतलेही?”

“सगळ्यांतले.”

मुलीचं बोट आकड्यांवरून खाली जायला लागलं, मावशींचं गेलं होतं तसंच, पण भराभर. पहिलं पान, दुसरं, तिसरं. कुठे अडलं नाही. आतून कपांचा आवाज येत होता.

“मेल्या नव्हत्या,” ती म्हणाली.

“नाही.”

“माझा हातही वाईट नव्हता.”

“नाही गं. चांगला होता. माझाच...”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा उजळला होता, अगदी खरंच. तिनं हात पुढे केला, मावशींचा हात धरायलाच. मग तिच्या मनात तो प्रश्न आला, येणारच होता. हात टेबलावर थांबला.

“तुम्हाला कधी कळलं हे?”

खोटं बोलता आलं असतं. लेख बघून कळलं, एवढंच म्हणायचं होतं, आणि मुलीनं ते आनंदानं मानलं असतं. मावशी तिच्या बोटांकडे बघत राहिल्या.

“तू गेल्यावर दोन महिन्यांनी.”

मुलीचे ओठ हलले, ती मुदतीपर्यंतचे महिने मोजत होती. दहावर येऊन थांबली. मग तिनं डायरी मिटली, यादीचं पान नीट घडी करून तिच्यात घातलं, आणि दोन्ही हातांनी टेबलाच्या पलीकडे सरकवली.

आई कप ठेवून गेली. बराच वेळ कोणी हात लावला नाही.

“चहा घ्या, मावशी,” मुलगी म्हणाली. “गार होतोय.”